जळून गेलेला गॅस

आमचं खंडाळा म्हणजे लोणावळ्याच्या शेजारचं नव्हे. साताऱ्याचं, खंबाटकी घाटाखालचं. (नवीन वाचकांना हे दरवेळी सांगावंच लागतं!) इथून समुद्र दिसण्याचा प्रश्नच नाही. तरी तालुक्यातल्या कांद्याला आणि उसाला जो युरिया पडतो, त्यातल्या बऱ्याच गोण्यांचं मूळ अरबी समुद्राच्या तळाखाली आहे. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून आज त्यावर लिहितोय.

'बॉम्बे हाय' म्हटलं की आमच्या पिढीला 'सागर सम्राट' आठवतो. जपानमध्ये बांधलेली ही रिग १९७३ साली आली. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात तिने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं, आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचे भाव एकदम वाढवले होते, त्यामुळे देशाला किती हायसं वाटलं असेल याची कल्पना करता येते.

पण या तेलासोबत गॅसही वर येतो. आणि इथेच खरी गोम आहे. तेल थांबतं, गॅस थांबत नाही. तेल टाकीत साठवा, जहाजात भरा, महिन्याने वापरा, चालतं. गॅसला मात्र विहिरीच्या तोंडापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत सलग पाइप लागतो. पाइप नसेल किंवा घेणारं कोणी नसेल, तर एकच उपाय उरतो. प्लॅटफॉर्मच्या टोकाला पेटवून देणे.

आपण तेच केलं. उरणपर्यंत समुद्रतळावरून सुमारे २०० किलोमीटरचे पाइप १९७८ मध्ये आले, पण किनाऱ्यावर तेवढा गॅस घेणारे कारखानेच तयार नव्हते. ऐंशीच्या दशकातही तो जळत राहिला. अलिबागजवळचा थळचा खत कारखाना १९८५ च्या सुमारास सुरू झाला. तिथे या गॅसमधला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांचा अमोनिया होतो, आणि अमोनियाचा युरिया. म्हणजे ज्या वर्षांत आपण परदेशातून खत विकत आणत होतो, त्याच वर्षांत खताचा कच्चा माल समुद्रावर जाळत होतो! तेल काढायचं थांबवणं शक्य नव्हतं, हे मान्य. पण किनाऱ्यावरची तयारी मागे पडली, हेही तितकंच खरं.

याच्या उलट गोष्ट वसईची. चिमाजीअप्पांची वसई, तिच्याच इंग्रजी नावाने ओळखलं जाणारं बसीन क्षेत्र. तिथे १९७६ मध्ये प्रामुख्याने गॅसचाच साठा सापडला, पण उत्पादन १९८८ मध्ये सुरू झालं. बारा वर्षं! पण तेलासाठी तो काढण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे तो जमिनीखाली सुखरूप थांबू शकला. त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मिसळलेला, तो काढायला हजिराचा प्रकल्प लागला. मग १९८४ मध्ये 'गेल' ही कंपनी आणि हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही दीड हजार किलोमीटरहून लांब पाइपलाइन. म्हणजे गॅसक्षेत्र 'विकसित' करणं यातलं निम्मं काम जमिनीवरचं असतं.

समुद्रातलं कामही सोपं नाही. पोलादी पायांचा सांगाडा किनाऱ्यावर बांधायचा, बार्जवरून न्यायचा, पाण्यात उभा करायचा आणि पायांतून लांब खांब तळात ठोकायचे. वर क्रेनने डेक बसवायचा. माझगाव डॉकनेही असे प्लॅटफॉर्म बांधले आहेत. आणि हे सगळं पावसाळा सोडून. म्हणजे आमच्या शेतकऱ्यासारखंच, हंगाम चुकला की वर्ष गेलं.

या कामाची खरी किंमत २७ जुलै २००५ ला कळली. आदल्या दिवशीच्या मुंबईच्या पुरात ही बातमी जवळपास बुडून गेली. जखमी कर्मचाऱ्याला घेऊन आलेलं 'समुद्र सुरक्षा' हे जहाज खवळलेल्या लाटांत मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर आदळलं. गॅसचा उभा पाइप फुटला, आग लागली, आणि सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. प्लॅटफॉर्म, शेजारची रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. ३६२ वाचली, २२ गेली. पाइपाशिवाय गॅस वाया जातो, आणि पाइप जपला नाही तर माणसं जातात.

आमच्या घरी सिलिंडर आला तेव्हा आजी बरीच वर्षं भाकरी चुलीवरच करायची. "ह्या जाळाला कुणी फुंकर घालत नाही, मग तो पेटतो कसा?" असं विचारायची. तेव्हा हसलो होतो सगळे. उरणच्या प्रकल्पात समुद्रातल्या गॅसमधून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात, हे तेव्हा आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आज सिलिंडरमधला बराचसा गॅस परदेशातून येतो. त्यामुळे तेव्हा समुद्रावर जळून गेलेला गॅस मला आता जास्तच डाचतो.

असो. नातेवाईक मंडळींपैकी कुणी उरणला किंवा थळला नोकरी केली असेल, तर जरूर कळवा. तुमच्याकडून ऐकायला आवडेल.