छर्ऱ्याच्या बंदुकीचा नेम



आमच्या शहादा तालुक्यांत तापीच्या कांठीं सारंगखेडा येथें दत्तजयंतीस एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारामुळें ती दूरवर ख्यात आहे. पण शाळकरी मुलांचे पाय वळतात ते फुगे फोडण्याच्या दुकानाकडे. पुष्कळ वर्षांपूर्वीं पुरुषोत्तमनगरचा माझा एक विद्यार्थी तेथें छर्ऱ्याची बंदूक घेऊन उभा होता. पहिला नेम हुकला, तेव्हां मीं गुरुजीच्या अधिकारवाणीनें सांगितलें, "अरे, घट्ट आवळून धर!" त्यानें तसें केलें आणि उरलेले चारही छर्रे वायां गेले. दुकानदाराची बंदूकच वांकडी, असा निवाडा देऊन आम्ही परतलों. तो निवाडा घाईचा होता, हें मला पुढें या बंदुकीचा इतिहास वाचतांना उमगलें.

हवेची बंदूक तशी जुनी. इ. स. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानें गिरार्डोनी याच्या रचनेची हवाई बंदूक स्वीकारिली. तिच्या दस्त्यांतच हवा भरून ठेवीत. स्प्रिंगच्या बंदुकीची तऱ्हा निराळी. तींत हवा सांठविलेली नसते. दाबून अडकविलेली स्प्रिंग चाप ओढतांच उसळून दट्ट्यास पुढें लोटते, आणि दट्ट्यापुढें कोंडलेली हवा छर्ऱ्यास बाहेर फेंकते. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्यानें लिंकन जेफ्रिझ यांच्या रचनेवरून अशा बंदुका काढिल्या, आणि इंग्लंडांत पत्र्याच्या छिद्रामागील घंटा छर्ऱ्यानें वाजविण्याच्या स्पर्धा रंगूं लागल्या.

आतां खरी मेख ऐका. दट्ट्या पुढें धांवतो तेव्हां बंदूक मागें सरते. तो कोंडलेल्या हवेवर थबकतो तेव्हां ती पुढें हिसका खाते. हा खेळ सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागांत होतो, आणि तो चालूं असतां छर्रा अजून नळींतच असतो. घट्ट आवळलेली मूठ दर खेपेस तितकीच घट्ट राहत नाहीं; म्हणून उसळीही दर खेपेस निराळी होते. उलट डाव्या तळहातावर बंदूक नुसती विसावलेली असली, तर उसळी सारखीच होते. आणि सारखी होणारी चूक नेम थोडा सरकवून सुधारतां येते. छर्रा लागेपर्यंत नजर माशीवरून हलवूं नये, हें दुसरें पथ्य.

कारागिरांनाही या उसळीनें छळिलें. १९६० नंतरच्या दशकांत जर्मनीच्या फाइनवर्कबाऊ कारखान्याच्या बंदुकींत सारें यंत्र दस्त्यावरील रुळांवर मागें सरकूं लागलें. म्हणजे त्यांनीं उसळी दाबली नाहीं. तिला वाट करून दिली. १९८४ सालीं लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्यें हवाई बंदुकीस स्थान मिळालें. पुढें सांठविलेल्या हवेच्या बंदुकांनीं तेथून स्प्रिंगला हटविलें. या दहा मीटरच्या खेळांत मुंबईच्या अंजली भागवत २००० सालीं सिडनीस अंतिम फेरींत पोंचल्या, आणि सुमा शिरूर यांनीं २००४ सालीं क्वालालंपूर येथें ४०० पैकीं ४०० गुण मिळविले. त्या लक्ष्याचा मध्यबिंदु अवघा अर्धा मिलिमीटर! बंदूक बदलली, चाप ओढल्यावरही स्थिर राहण्याचें पथ्य मात्र तेंच राहिलें.

माझा तो विद्यार्थी आतां संसारी गृहस्थ झाला आहे. गेल्या यात्रेंत तो मुलासह भेटला. त्याच्यासमोरच मीं मुलास म्हटलें, "बाळ, बंदूक सैल धर. तुझ्या बापास मीं चुकीचें शिकविलें होतें." बाप हंसला. मुलानें तीन फुगे फोडले. गुरुजीची चूक सुधारावयास उशीर झाला खरा. पण ती सुधारल्याचें समाधान मजजवळ आहे.