शिलेकडून यंत्राकडे

मराठीत अवकाशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यात अग्निबाणाचा लोळ जितका दिसतो, तितके मोजमापाचे उपकरण दिसत नाही. साहित्याच्या अध्यापकांस हे परिचित वाटावे. प्रकाशन समारंभ सर्वांच्या ध्यानात राहतो, हस्तलिखिते ताडून पाहणारा पाठचिकित्सक मात्र तळटीपेत जातो.

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा इतिहास आम्हांस म्हणूनच वाचावासा वाटतो. विक्रम साराभाई यांनी १९४७ साली ती स्थापन केली, तेव्हा वैश्विक किरण आणि उच्च वातावरण हेच तिचे विषय होते. चंद्र तेथे पोहोचला तो मुंबईमार्गे! टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल व त्यांचे सहकारी उल्कापाषाणांतील, पुढे अपोलोने आणलेल्या चांद्रशिलांतील कणांचे माग वाचीत असत. वैश्विक किरणांतील जड अणुकेंद्रे स्फटिकात शिरताना सूक्ष्म चरा ठेवतात. रसायनाने तो रुंदावला की सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो, आणि शिला किती काळ उघड्यावर होती याचा अदमास लागतो. १९७२ साली लाल संचालक होऊन अहमदाबादेस गेले; त्यांच्यामागून ही विद्याही गेली.

हे वाचन मात्र दुसऱ्याने आणून दिलेल्या शिलेचे होते. स्वतःचे उपकरण शिलेजवळ नेण्यास आणखी चार दशकांहून अधिक काळ लागला आणि पहिला प्रयत्न फसला. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२चा अवतरक कोसळला, त्यासोबत प्रयोगशाळेचा अल्फा कण-क्षकिरण वर्णपटमापकही गेला. अवतरकाचे नाव 'विक्रम', म्हणजे संस्थापकाचेच. ही गोष्ट कादंबरीत आली असती तर आम्ही तिला कृत्रिम म्हटले असते.

तेच उपकरण २३ ऑगस्ट २०२३ रोजी 'प्रज्ञान' बग्गीवरून सुखरूप उतरले. त्यातील क्यूरियमचे किरणोत्सर्गी स्रोत मातीवर अल्फा कण व क्षकिरण सोडतात. माती उलट जे क्षकिरण देते, त्यांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्ये ओळखता येतात. सुमारे शंभर मीटरांच्या वाटेवर २३ ठिकाणी नोंदी झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. माती बव्हंशी एकसारखी, फेरोअन अनॉर्थोसाइटची. म्हणजे चंद्राचा पृष्ठभाग कधीकाळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, या मताला पुष्टी देणारी. मॅग्नेशियम मात्र अपेक्षेहून अधिक. एका प्राचीन, प्रचंड आघाताने खोलातून उसळलेले द्रव्य त्या मातीत मिसळले असावे, असे संशोधकांनी सुचविले आहे.