परंतुकाच्या आधीचे वाक्य

शासकीय माहितीच्या गोपनीयतेचा अभ्यास करू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा पहिल्यांदा १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम दिला जातो. माझा आग्रह वेगळा आहे. आधी केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला अकरावा नियम वाचावा, आणि तोही दोनदा: माहिती अधिकार कायद्याच्या आधीचा आणि नंतरचा.

जुना नियम निव्वळ मनाईचा होता. आदेश असल्याशिवाय कर्मचाऱ्याने कोणताही शासकीय कागद किंवा त्यातला मजकूर अनधिकृत व्यक्तीला द्यायचा नाही, एवढेच तो सांगे. २००५ नंतर नियमाची सुरुवातच बदलली. कर्मचाऱ्याने सद्भावनेने, माहिती अधिकार कायद्यानुसार माहिती द्यावी, हे मुख्य वाक्य झाले आणि मनाई खालच्या परंतुकात गेली. ती संपली नाही. वर्गीकृत माहिती जपण्याचे बंधन आजही पक्के आहे. तरीही मुख्य विधान कोणते आणि अपवाद कोणता, याचा क्रम उलटला. या विद्याशाखेतली सर्वांत मोठी घटना मी हीच मानतो, कोणताही गाजलेला खटला नव्हे.

१९२३ चा कायदा त्यानंतर वाचला की त्याचे खरे स्वरूप दिसते. परक्या सत्तेने केलेल्या या कायद्यात गुपित कशाला म्हणायचे याची व्याख्याच नाही. पाचव्या कलमाखाली मात्र तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली होती. तो अजून लागू आहे. माहिती अधिकार कायद्याच्या बाविसाव्या कलमाने मात्र, दोहोंत विसंगती असेल तिथे, नव्या कायद्याला वरचढ ठरवले आहे.

या दोन कायद्यांच्या मधोमध कार्यासनावरचा माणूस बसलेला असतो, आणि माझी सारी आस्था त्याच्याकडे आहे. समोर नस्ती, वर ‘गोपनीय’ असा शिक्का, सोबत नागरिकाचा अर्ज. देऊ नये ते दिले तर शिस्तभंगाची कारवाई. द्यायला हवे ते विनाकारण अडवले तर जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड. अशा वेळी शिक्का पुरेसा नसतो. नकार द्यायचा तर आठव्या कलमातले नेमके कारण दाखवावे लागते. दहावे कलम तर त्याहून उपयोगी: नस्तीतला जपण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला देता येतो. अनेक कार्यालयांत या कलमाची आठवणही होत नाही, याची मला खंत वाटते.

गोव्याने १९९७ मध्येच, केंद्राच्या कितीतरी आधी, माहिती अधिकाराचा कायदा केला होता. महाराष्ट्राचाही स्वतःचा कायदा केंद्राच्या आधीचा. तेव्हा मराठी वाचक या विषयाला परका नाही. कर्मचाऱ्यांच्या परिचयाचा ‘गोपनीय अहवाल’ घ्या. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की त्यातली प्रत्येक नोंद संबंधिताला कळवलीच पाहिजे. ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यापासूनच लपवण्याची जुनी रीत तिथे मोडली.

नव्या अभ्यासकासाठी काम भरपूर आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम बदलून त्यातली जनहिताची अट काढली, पण आठव्या कलमाचे दुसरे उपकलम, जिथे जनहित तोलायचे असते, जागेवर ठेवले. ही दोन उपकलमे शेजारी ठेवून वाचायला बसावे.