दारचा कोंबडा आणि बांधावरचा कुर्डू



पाऊस जरा उघडला की खुरपणीची घाई उडते. ज्वारी-बाजरीतला कुर्डू उपटायचा, बांधावर फेकायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन अंगणातल्या कोंबड्याला तांब्याभर पाणी घालायचं. लाल मखमली तुऱ्याचं हे फुलझाड दारात शोभून दिसतं, यात शंका नाही. पण हा कोंबडा आणि तो कुर्डू सख्खे भाऊ आहेत बरं का. वनस्पतीशास्त्रवाले तर दोघांना एकाच जातीत धरतात. एकाला आपण पाणी घालतो, दुसऱ्याला खुरपं. खरं तर दोघांचाही कोवळा पाला भाजीला चालतो.

आमच्या आजीला हे ठाऊक होतं. 1972 च्या दुष्काळात रेशनला लाल मिलो आणि दुष्काळी कामावर सुकडी, यावर घर चाललं होतं. त्या दिवसांत ओलीच्या जागी उगवलेला मूठ-दोन मूठ पाला ती ओच्यात घेऊन यायची. कुर्डू, घोळ, तांदुळजा, जे मिळेल ते. पुढे विहिरीला पाणी आलं, कोबी-फ्लॉवर आला, आणि आम्ही मुलांनी त्या भाज्यांना नाकं मुरडली. आजी गेली तेव्हा तिच्याकडून निम्म्या पाल्यांची नावंसुद्धा आम्ही विचारून घेतली नव्हती.

ही काही केवळ गरिबाची भाजी नव्हती. चरकसंहितेत भाज्यांचा एक वेगळा वर्गच आहे, शाकवर्ग. त्यात वास्तुक आहे, म्हणजे आपला चाकवत. तंडुलीय आहे, त्याचाच पुढे तांदुळजा झाला. चांगेरी म्हणजे आंबुशी, आणि उपोदिका म्हणजे कुंपणावर चढणारा मायाळू. आज शहरात मायाळूचा वेल शोभेसाठी गॅलरीत सोडतात आणि बाजारातून पालक विकत आणतात! 1935 साली वर्ध्याला मगनवाडीत राहून गांधीजींनी हिरव्या पाल्याचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’ पत्रात त्याबद्दल लिहिलं. खेड्यातल्या माणसाने पायाखालचा पाला ओळखावा, हा त्यांचा आग्रह होता.

आता जरा लांबची गोष्ट ऐका. आफ्रिकेत नायजेरिया नावाचा देश आहे. तिथले शेतकरी हाच कुर्डू वाफ्यात पेरतात, त्याच्या जुड्या बांधतात आणि बाजारात विकतात. तिथे त्याला सोको म्हणतात. त्याच्या पुऱ्या नावाचा अर्थ ‘नवऱ्याला गुबगुबीत आणि खूश ठेवणारी’ असा सांगतात. आपल्याकडे जे तण, ते तिकडे नगदी पीक.

याच घराण्यातला राजगिरा घ्या. उपवासाला चालतो, म्हणून आपण त्याला आपलाच समजतो. पण दाण्याचा राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडचा. तिथले ॲझटेक लोक त्याच्या पिठात मध किंवा पाक कालवून देवाच्या मूर्ती करायचे आणि पूजा झाली की त्या वाटून खायचे. 1521 साली स्पॅनिश लोकांनी त्यांची राजधानी जिंकली. पाद्र्यांना ही पूजा खपली नाही. त्यांनी ती बंद पाडली आणि तिच्याबरोबर हे पीकही मागे पडलं. डोंगराकडच्या गावांनी मात्र थोडं थोडं बी जपलं. आज मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घालून वड्या थापतात. त्या वडीचं नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. समोर ठेवली तर आपली राजगिऱ्याची चिक्कीच वाटेल. तिथे देवाच्या नावावर ज्याला बंदी झाली, त्याला इथे देवाच्याच नावावर मान मिळाला!

न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी कर्दळ हीदेखील तिकडचीच. तिच्या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ असलं तरी फसू नका. युरोपातले लोक त्या काळी अमेरिकेलाही ‘इंडीज’ म्हणत. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरात तिचे कंद हजारो वर्षं खाल्ले गेले. व्हिएतनाममध्ये कर्दळीच्या कंदाच्या सत्त्वाच्या शेवया करतात. आपण मात्र तिचं फूल बघितलं आणि कंद विसरलो. म्हणून उद्याच कुदळ घेऊन न्हाणीमागे जाऊ नका. सांडपाण्यावरचं काहीच खाण्यात घेऊ नये.

आणि इथे एक गोष्ट खडसावून सांगायची आहे. ओळख पटल्याशिवाय कुठलाही पाला चुलीवर चढवू नका. गोव्यात 1563 साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. चोर लोक धोतरा खाऊ घालून घर कसं लुटतात, हे त्याने त्यात लिहून ठेवलं आहे. 1676 साली अमेरिकेत जेम्सटाउन गावी आलेल्या काही इंग्रज शिपायांनी धोतऱ्याचा कोवळा पाला भाजी समजून उकडून खाल्ला. ते अकरा दिवस वेड्यासारखे वागत होते, अशी नोंद आहे. शुद्धीवर आल्यावर त्यांना काहीच आठवेना. ते वाचले हे नशीब. तेव्हा परसातला धोतरा, कण्हेर (पिवळी काय, तांबडी काय), कळलावीचा कंद, गुंजेच्या बिया आणि गुलबक्षीचं बी ही फुला-शोभेपुरतीच ठेवा. मुलांनाही हात धरून दाखवा.

कुर्डूचं म्हणाल तर तुरा धरण्याआधीचे कोवळे शेंडे खुडा. दोन पाण्यांत धुवा आणि कांदा-लसूण घालून माठासारखी भाजी करा. तणनाशक मारलेल्या बांधावरचा किंवा फवारणीच्या पट्ट्यातला पाला घ्यायचा नाही. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर घोळ आणि आंबुशी बेतानेच वाढा.

यंदा खुरपताना चार कुर्डू परसाच्या कडेला राहू द्या. दिवाळीच्या सुमाराला तुरे वाळतील. ते परडीत झटकले की चकचकीत काळं बी पडेल. एका कपड्याच्या पुरचुंडीत ते राखेबरोबर बांधा आणि मिरगाच्या पावसावर हातभर वाफ्यात फोका. बी बारीक असतं, फार खोल गाडू नका. आणि घरात म्हातारी माणसं असतील तर पहिल्या खुडणीला त्यांना वाफ्याशी घेऊन जा, नावं विचारा, आणि मुलाच्या जुन्या वहीत लिहून ठेवा.