राजाला गिळणारा लांडगा: किमयेची प्रतीके आणि अबोध मन

हलक्या धातूचे सोने करणे आणि त्यासाठी लागणारा परीस सिद्ध करणे हे युरोपीय किमयेचे जाहीर ध्येय होते. मराठीतला ‘किमया’ हा शब्द आणि या विद्येची युरोपीय नावे एकाच अरबी शब्दातून आली आहेत. या विद्येचे ग्रंथ मात्र पाककृतीसारखे सरळ वाचता येत नाहीत. त्यांत राजा-राणीची लग्ने लागतात, पक्षी आपलेच पंख खातात, सिंह सूर्य गिळतो, प्रेते कुजून पुन्हा उठतात. या चित्रांचा अर्थ काय, या प्रश्नाला गेल्या चार शतकांत दोन अगदी वेगळी उत्तरे मिळाली. एक भट्टीतले, दुसरे मनातले.

चित्रांची परंपरा ग्रीक-इजिप्शियन काळाइतकी जुनी आहे. आपलेच शेपूट गिळणारा नाग त्या काळच्या ग्रीक ग्रंथांत आढळतो. ‘सर्व एकच आहे’ अशा आशयाचे शब्द त्याच्या वेटोळ्यात लिहिलेले असतात. इ.स. ३०० च्या सुमारास इजिप्तमधील पॅनोपोलिसच्या झोसिमॉसने काही स्वप्ने नोंदवली. त्यांत वाडग्याच्या आकाराच्या वेदीवर एका पुरोहिताचे तुकडे करून ते उकळले जातात आणि त्यातून तो देहाचा आत्मा होतो. पुढे ही विद्या अरबांकडे गेली. सर्व धातू गंधक आणि पारा यांच्या संयोगातून बनतात हा सिद्धांत तेथे जाबिर इब्न हय्यानच्या नावावरील ग्रंथांत मांडला गेला. चेस्टरच्या रॉबर्टने ११४४ मध्ये एक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणला आणि पश्चिम युरोपात किमयेचे दार उघडले. गंधक तप्त व पुरुषरूप, पारा शीत व स्त्रीरूप, ही कल्पना एकदा रुजल्यावर त्यांचे सूर्य-चंद्र, राजा-राणी, वर-वधू होणे ओघानेच आले.

सगळी प्रक्रिया रंगांवरून ओळखली जाई. चंबूतला पदार्थ आधी काळा पडतो, मग पांढरा होतो, पिवळ्या छटेतून जातो आणि शेवटी लाल होतो. काळ्या अवस्थेला मृत्यू व कुजणे, पांढरीला स्नान आणि चांदणे, लाल अवस्थेला सूर्योदय व राज्याभिषेक अशी रूपे मिळाली. पिवळी अवस्था पुढील काळात बहुतेक ग्रंथांतून गळाली आणि काळा, पांढरा, लाल ही त्रयी उरली.

या सांकेतिक भाषेचा कस पाहायचा तर एक चित्र जवळून पाहावे. मिखाएल मायर या जर्मन वैद्याने १६१७ मध्ये ‘अटलांटा फ्यूजियन्स’ हा ग्रंथ छापला. त्यात ५० चित्रे आहेत आणि प्रत्येक चित्राला एक पद्य व तीन आवाजांत गाण्याची संगीतरचना जोडलेली आहे. चोविसाव्या चित्रात जमिनीवर पडलेल्या राजाला लांडगा खातो आहे. मागच्या बाजूला तोच लांडगा आगीत जळतो आहे आणि राजा धडधाकट बाहेर पडतो आहे. बासिल व्हॅलेंटाइनच्या नावाने १५९९ मध्ये निघालेल्या ‘बारा किल्ल्या’ या ग्रंथातही हाच लांडगा येतो आणि हे काम तीनदा करायला सांगितले जाते.

सोनाराच्या नजरेतून पाहिले तर यात गूढ फारसे नाही. राजा म्हणजे सोने, लांडगा म्हणजे सुरम्याचे खनिज, अर्थात अँटिमनी आणि गंधकाचे संयुग. हिणकस सोने या खनिजाबरोबर मुशीत वितळवले की गंधक त्यातले तांबे व चांदी धरून वर मळीसारखा तरंगतो. अँटिमनीत मिसळलेले सोने तळाशी बसते. तो तळचा गोळा मोकळ्या हवेत जोराने तापवला की अँटिमनी धूर होऊन उडून जाते आणि शुद्ध सोने उरते. लांडग्याने राजाला खाल्ले, लांडगा जळला, राजा परतला. कृती नेमकी आहे, फक्त नावे झाकलेली आहेत. स्पर्धकांपासून व अडाण्यांपासून विद्या राखण्यासाठी किमयागार अशी सांकेतिक नावे मुद्दाम वापरत.

सर्वच चित्रे इतकी सरळ उलगडत नाहीत. फ्रँकफुर्टला १५५० मध्ये छापलेल्या ‘रोझारियम फिलॉसॉफोरम’ या ग्रंथात लाकडी ठशांची २० चित्रे आहेत. कारंज्यापाशी सुरुवात होते. राजा-राणी भेटतात, वस्त्रे उतरवतात, एकाच स्नानकुंडात उतरतात, एकरूप होतात आणि मरतात. एका देहाला दोन मुकुटधारी डोकी उरतात, आत्मा बालकाच्या रूपाने वर निघून जातो, आकाशातून दव पडते, आत्मा परततो आणि स्त्री-पुरुष दोन्ही असलेली नवी मूर्ती उभी राहते. या ओळीत कृतीपेक्षा कथाच अधिक दिसते. पुढच्या वाचकांचे लक्ष तिने वेधले ते यामुळेच.

अठराव्या शतकात रसायनशास्त्र वेगळे झाले आणि किमया हास्यास्पद ठरली. तिचा अंतर्मुख अर्थ लावण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. ईथन ॲलन हिचकॉक या अमेरिकी सेनाधिकाऱ्याने १८५७ मध्ये किमयेचा खरा विषय माणूसच आहे असा दावा केला. व्हिएन्नाच्या हर्बर्ट सिल्बररने १९१४ मध्ये हे सूत्र फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाशी जोडले आणि किमयेच्या एका दृष्टांतकथेचे स्वप्नासारखे विश्लेषण केले. त्या वेळी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

या विषयाला मोठे रूप दिले ते कार्ल गुस्टाव युंगने. फ्रॉइडशी १९१३ मध्ये फारकत झाल्यावर त्याने स्वतःच्या जागेपणीच्या कल्पनादृश्यांची तपशीलवार नोंद ठेवली. त्यांना इतिहासात कुठे आधार मिळतो याचा शोध तो घेत होता. १९२८ मध्ये चीनचे अभ्यासक रिचर्ड विल्हेल्म यांनी त्याला एका चिनी किमयाग्रंथाचा अनुवाद पाठवला आणि त्याला हवा असलेला धागा सापडला. मग त्याने म्युनिकच्या पुस्तकविक्रेत्याकडून जुने लॅटिन ग्रंथ मागवायला सुरुवात केली. सुरुवातीला ते त्याला निरर्थक वाटले. शेवटी अनोळखी भाषा शिकावी तशी त्याने पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दप्रयोगांची सूची बनवली, संदर्भ एकमेकांशी जोडले आणि कोडे हळूहळू सुटू लागले. डिसेंबर १९३७ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी तो बोटीने मुंबईला आला, तेव्हा १६०२ च्या ‘थिएट्रम केमिकम’ या किमयाग्रंथसंग्रहाचा जाडजूड पहिला खंड त्याच्या सामानात होता. प्रवासभर तो त्यातले किमयागार जेरार्ड डॉर्नचे लेखन वाचत राहिला.

युंगचा सिद्धांत प्रक्षेपणावर उभा आहे. पदार्थाचे खरे स्वरूप किमयागाराला माहीत नव्हते. त्या अंधारात त्याचे स्वतःचे अबोध मन उतरले आणि मनात घडणारे त्याला चंबूत घडताना दिसले. म्हणून काळी अवस्था म्हणजे खिन्नता आणि माणसाने स्वतःच्या नाकारलेल्या बाजूशी, ‘छाये’शी, केलेला सामना. पांढरी अवस्था म्हणजे आलेली समज. पण ती चांदण्यासारखी थंड असते. लाल अवस्थेत तिच्यात जगण्याचे रक्त येते. राजाला लांडगा गिळतो म्हणजे जुना, ताठर झालेला अहं अबोधात विरघळतो. परीस म्हणजे ‘स्व’, विरोधी तत्त्वांना एकत्र धरणारे मनाचे केंद्र. बंद चंबूलाही अर्थ मिळाला: प्रक्रिया पुरी होईपर्यंत वाफ बाहेर जाऊ न देणारी उपचाराची चौकट.

पुरावा म्हणून युंगने एका आधुनिक माणसाची स्वप्ने वापरली. १९४४ च्या ‘मानसशास्त्र आणि किमया’ या ग्रंथात अशा ४०० स्वप्नांची मालिका आहे. त्यांतली पहिली ३५५ स्वप्ने युंगशी प्रत्यक्ष संपर्क नसताना पडलेली होती, हा त्याच्या युक्तिवादाचा कणा. हा निनावी माणूस म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली होता. १९४६ मध्ये युंगने ‘रोझारियम’मधली पहिली दहा चित्रे घेऊन रुग्ण आणि उपचारक यांच्यातल्या भावसंक्रमणाचे विवेचन केले: स्नानकुंडात दोघेही उतरतात, बदलतात दोघेही. या मालिकेतला शेवटचा मोठा ग्रंथ, ‘मिस्टेरियम कोनिउंक्शनिस’, १९५५-५६ मध्ये आला. लॅटिन आणि ग्रीक संहितांचे काम त्याची सहकारी मारी-लुईझ फॉन फ्रान्झ हिने केले.

युंग स्वतः या प्रतीकांसह जगत होता याची खूण बोलिंगेनला आहे. झुरिक सरोवराकाठच्या त्याच्या घराच्या कुंपणासाठी त्रिकोणी कोनशिला मागवली होती. आला तो सुमारे ५० सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा. गवंडी तो परत पाठवायला निघाला, पण युंगने ठेवून घेतला आणि १९५० मध्ये त्याच्या तीन बाजूंवर स्वतः अक्षरे कोरली. कारागिराने नाकारलेला सामान्य दगड हाच परीस, ही किमयेतली जुनी कल्पना त्यामागे होती.

विज्ञानाच्या इतिहासकारांनी मात्र या अर्थाला कठोर आव्हान दिले. लॉरेन्स प्रिन्सिपे आणि विल्यम न्यूमन यांनी २००१ मध्ये दाखवले की चित्रांमागे बहुधा प्रयोगशाळेत करून पाहता येणारी कृती असते. प्रिन्सिपेने सतराव्या शतकातली कृती उलगडून ती करून पाहिली. बंद चंबूत सोने आणि पारा यांच्या मिश्रणातून फांद्या फुटलेले झाड उगवले. ग्रंथांतला ‘तत्त्वज्ञांचा वृक्ष’ निदान काही वेळा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती, अबोधाचे प्रक्षेपण नव्हे.

तेव्हा किमयागार भट्टीपाशी काय करत होते याचा इतिहास म्हणून युंगचे उत्तर टिकत नाही. परंतु स्वप्नांबद्दल आणि मनाच्या उलथापालथीबद्दल बोलायला त्याने दिलेली भाषा टिकली. युंगच्या परंपरेतल्या एडवर्ड एडिंजरचा १९८५ चा ग्रंथ आणि जेम्स हिलमनचे लेखन याच भाषेवर उभे आहे. लांडगा म्हणजे सुरमा हे सिद्ध झाले, तरी राजा गिळला जाण्याचे चित्र मनाला का भिडते हा प्रश्न शिल्लक राहतो. पहिले काम इतिहासकाराचे, दुसरे मानसशास्त्रज्ञाचे. युंगची चूक दोन्ही कामे एकच मानण्यात होती.