३९५००१
तीन लाख पंच्याण्णव हजार एक. सहा अंकी विषम संख्या. गुजरातमधील सुरत शहराच्या नानपुरा भागाचा हा पिनकोड आहे.

घडण : पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिला अंक ३ हा राजस्थान-गुजरातच्या टपाल विभागाचा, पहिले तीन अंक ३९५ मिळून सुरतेचे, तर उरलेले ००१ हे वाटप करणाऱ्या डाकघराचे. टपालाच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे केवळ ठिकाणाचे नाव. दोन पिनकोडांच्या बेरजेला काही अर्थ नसतो. पुढील गुणधर्म पत्त्याचे नव्हेत, संख्येचे आहेत.

अवयव : अंकांची बेरीज १८ येते, म्हणून संख्येला ९ ने भाग जातो. ३९५००१ = ३ × ३ × ४३८८९; यांतील ४३८८९ ही मूळ संख्या आहे. एकूण विभाजक सहा : १, ३, ९, ४३८८९, १३१६६७ आणि स्वतः ३९५००१. त्यांची बेरीज ५७०५७०, म्हणजे ५७० × १००१. यातून ३९५००१ वजा केल्यास १७५५६९ उरतात. ही बाकी ३९५००१ पेक्षा कमी असल्याने ३९५००१ ही ‘न्यून’ संख्या ठरते.

वर्गांची बेरीज : ४३८८९ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे मांडता येते, हे गणितज्ञ फर्माने सांगितले होते. येथे ४३८८९ = २०८² + २५². २०८ आणि २५ या दोहोंना ३ ने गुणले की ३९५००१ = ६२४² + ७५² मिळते. याही संख्येची अशी मांडणी एकच.

कापरेकरांच्या कसोट्या : देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे जन्मगाव डहाणू हे मुंबई-सुरत लोहमार्गावरच आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. ३९५००१ विषम आणि १८ सम, त्यामुळे ती हर्षद नाही. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती ‘स्वयंभू’. ही कसोटीही येथे हुकते, कारण ३९४९६५ च्या अंकांची बेरीज ३६ आणि ३९४९६५ + ३६ = ३९५००१.

अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिल्यास चार अंकी संख्या ६१७४ वर स्थिरावतात; मात्र चारही अंक सारखे नसावेत. सहा अंकांत असे एकच मुक्कामाचे ठिकाण नाही. ९५३१०० − ००१३५९ = ९५१७४१; पुढे ९७५४११ − ११४५७९ = ८६०८३२. तिथून ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२ असे होत पुन्हा ८६०८३२ येते. सात संख्यांचा हा फेरा सुटत नाही. सुरतेचाच ३९५०१० हा पिनकोड घेतला तरी पहिल्या वजाबाकीपासून आकडे हेच येतात. पोस्टमनसाठी ते दोन वेगळे भाग असले, तरी या रीतीत अंकांची जागा मोजलीच जात नाही.