आयर्लंडचे बोलीसंशोधक आणि आपली बोली

तेलगावच्या नाक्यावर ओळखीचा माणूस भेटला की ‘काय करायलास?’ असे विचारतो. पुण्याकडचा माणूस ‘काय करतोयस?’ म्हणतो, आणि आपले ‘करायलास’ ऐकून क्षणभर थबकतो. दोन्ही मराठीच. पण कुणाची बोली कागदावर उतरते आणि कुणाची उतरत नाही, याचाही एक इतिहास आहे. त्यात आयर्लंडच्या विद्वानांचा मोठा भाग आहे, म्हणून आज थोडे दूर जाऊ या.

जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन हे डब्लिनजवळ १८५१ साली जन्मले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन या पंडितांकडे ते संस्कृत शिकले आणि १८७३ साली सरकारी नोकरीवर हिंदुस्थानात आले. नेमणूक बंगाल-बिहारकडची. साहेब कचेरीत बसून राहिला नाही. नांगर, मोट, जाते, घराचे वासे, लग्नातल्या रीती, या सगळ्यांना खेड्यातला माणूस काय म्हणतो ते त्याने टिपले आणि १८८५ साली बिहारच्या शेतकरी जीवनावर जाडजूड पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या परिषद भरली. हिंदुस्थानातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, असा ठराव तेथे झाला. तेच काम पुढे ग्रियर्सन यांच्या अंगावर आले आणि तीस वर्षे पुरले. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यांनी नोंदवल्या.

पद्धत अशी होती. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट जागोजागी पाठवायची आणि तिथल्या बोलीत उतरवून मागवायची. या गोष्टीत मी, तू, तो हे सगळे येतात, भूत-वर्तमान-भविष्य येतात, म्हणून ती निवडलेली. जोडीला त्या मुलखातली एखादी कथा किंवा गाणे, आणि ठराविक शब्दांची व वाक्यांची यादी. त्या वाक्यांत इथून काश्मीर किती लांब, असाही एक प्रश्न होता! कोकणातल्या कोळ्याने त्याला काय उत्तर दिले असेल ते असो. खरी अडचण दुसरीच होती. माहिती जमवायची ती सरकारी अंमलदारांमार्फत, आणि कचेरीच्या माणसासमोर शेतकरी जरा सावरूनच बोलतो, हे आपण सगळेच जाणतो.

मराठीचा खंड १९०५ साली निघाला. तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने ग्रियर्सन यांच्या देखरेखीखाली तयार केला. त्यात वऱ्हाडी आहे, नागपुरी आहे, कोकणीही मराठीची बोली म्हणून घातली आहे. या शेवटच्या गोष्टीवर पुढे पुष्कळ वाद झाला. १९९२ साली कोकणीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र जागा मिळाली.

आणि आपण? मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद ही संस्थाने पाहणीच्या बाहेर राहिली. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. जामखेड इंग्रजी अमलात म्हणून पाहणीच्या कक्षेत, आणि शेजारची आष्टी बाहेर. बोली काही अशी सीमा पाहून बदलत नाही. पण कागद त्या सीमेशी थांबला. तेलगावची उधळ्या मुलाची गोष्ट कोणी मागवलीच नाही.

ग्रियर्सन १९४१ साली वारले. त्याआधीच त्यांच्या मायदेशात निराळा प्रयोग झाला होता, आणि शिक्षकांनी तो मुद्दाम ऐकावा. आयर्लंडमध्ये १९३५ साली लोककथा आयोग स्थापन झाला. संचालक होते जेम्स हॅमिल्टन डेलार्गी. आयोगाने शिक्षण खाते आणि शिक्षक संघटनेला हाताशी धरले. १९३७ आणि ३८ साली सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांत निबंधाच्या तासाला निबंध बंद. मुलांनी घरी जाऊन आजोबा-आजींना विचारायचे आणि वहीत लिहून आणायचे. लोणी कसे घुसळत, लोहार काय काय करी, दुखण्यावर कोणता झाडपाला, शेताला ते नाव का पडले. ५०,००० हून अधिक मुलांनी हे काम केले. आज तो सुमारे ७,४०,००० पानांचा संग्रह आहे. पूर्वी त्याच देशात शाळेत आयरिश शब्द तोंडातून निघाला म्हणून मुलांना शिक्षा होत असे. अशा आठवणीही लोकांनी सांगून ठेवल्या आहेत. मला ग्रियर्सन यांच्या खंडांपेक्षा या वह्यांचे मोल अधिक वाटते. विचारणारे घरचेच पोर असल्यावर आजी सावरून बोलत नाही.

आपल्याकडेही काही झाले आहे. तेलगावपासून माजलगाव जवळच. तिथल्या भीमनगरात १९९६ साली हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांच्या चमूने बायांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. महाराष्ट्रभरातून या मंडळींनी लाखावर ओव्या जमवल्या. गिरणी आल्यावर जाते थांबले. ओव्या मात्र राहिल्या, कारण कोणीतरी वेळेवर जाऊन बसले.

जात्याचे शब्द गेले तसे नवे शब्द आलेही. बीडच्या ऊसतोडणीवाल्यांत ‘कोयता’ म्हणजे नुसते अवजार नव्हे. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल, टोळी, फड, वाढे, कोपी. दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जाणाऱ्या सातवीतल्या लेकरांना हे सगळे तोंडपाठ असते. काही शब्दांचा अर्थ गुरुजींनाच त्यांच्याकडून विचारून घ्यावा लागेल.